मीटर हलतोय म्हणून खूश होऊ नका

रेडिओ-टीव्हीत यायचं म्हटलं की नवी मंडळी आधी स्वतःच्या आवाजाची आणि चेहऱ्याची काळजी करत बसतात. मीही केली. महिनाभर आरशासमोर मोठ्याने बातम्या वाचल्या. अगदी वाया गेलं म्हणणार नाही, पण मी तोंडावर आपटले ते नखाएवढ्या एका स्विचमुळे.

माझी पहिली मोठी मुलाखत होती आगीत घर गेलेल्या एका बाईंची. कॅमेरा ट्रायपॉडवर, बाईंना कॉलर माइक लावलेला, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरच्या पट्ट्या छान वरखाली होत होत्या. हेडफोन मात्र बॅगेत. त्या रडवेल्या झालेल्या असताना कानांवर ते डबडं चढवून बसणं मला उद्धटपणाचं वाटलं. बारा मिनिटं बोलल्या. एडिटला बसले तेव्हा कळलं, आवाज कुठल्या माइकवरून घ्यायचा ते ठरवणारा स्विच बाहेरच्या माइकवर नव्हताच, कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर होता. बाई जणू शेजारच्या खोलीतून बोलत होत्या, आणि जवळून ऐकू येत होती ती पंख्याची घरघर आणि माझ्या खुर्चीची करकर.

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, न अडखळता, पाठ केल्यासारखं. आदल्या दिवशी एका वाक्याशी त्या थांबल्या होत्या, तिथे आता थांबल्या नाहीत. ती स्टोरी मी अजून पूर्ण बघू शकत नाही.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगते. आवाज येतोय एवढंच मीटर सांगतो, कुठून येतोय ते नाही. हेडफोन घाला आणि कॉलर माइकवर नखाने हलकेच खरवडा. कानात खर्रकन आलं पाहिजे. मग कॅमेऱ्याच्या माइकवर टिचकी मारा. ती जवळून, ठणठणीत ऐकू आली तर तुम्ही चुकीच्या माइकवर आहात. दोन्ही करा, एकावर भागत नाही. त्यानंतर समोरच्याला ‘हॅलो हॅलो’ म्हणायला लावू नका, सकाळपासून काय काय केलं ते विचारा, म्हणजे माणूस त्याच्या खऱ्या पट्टीत बोलतो. त्या बोलण्यावर मीटरवरची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकून आवाज फाटला की संपलं. आवाज आपोआप कमीजास्त करणारी ऑटो लेव्हल शक्यतो बंदच. माणूस क्षणभर गप्प झाला की ती पंख्यालाच वर ओढते. दहा सेकंद रेकॉर्ड करून परत ऐका. आणि उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता घ्या. दोन बाइट, म्हणजे बोलण्याचे तुकडे, जोडताना मधला खड्डा तीच बुजवते.

‘एडिटमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर मीही वापरते, पण जरा जास्त चालवलं की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागतो.

चित्रांचं फार अवघड नाही. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धरा, हातांचे क्लोजअप जास्तीचे घ्या. समोरचा बोलत असताना ‘हं, हं’ करू नका, मान हलवा. पुरेल.

लिहिताना मात्र आपली मराठीच गोत्यात आणते. छापील बातमीत ‘असे अधिकाऱ्यांनी सांगितले’ शेवटी चालतं. रेडिओवर ऐकणाऱ्याला तोवर तो दावा तुमचाच वाटलेला असतो. कोण म्हणालं ते आधी सांगा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘ज्या… त्या’ची लांब वाक्यं कानाला पेलत नाहीत, मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय ऐकणाऱ्याला नाही. ३४,७८६ हा आकडा बोलताना ‘जवळपास पस्तीस हजार’ होतो. आणि स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. मनातल्या मनात वाचलेली तीस सेकंदं माइकवर चाळीस होतात.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून लाज वाटते? सगळ्यांनाच वाटते. बोलताना आपला आवाज हाडांतूनही आपल्या कानांपर्यंत पोचतो, म्हणून आपल्याला तो भारदस्त वाटत असतो; रेकॉर्डिंगमध्ये तेवढं वजन नसतं. ऐकून ऐकून सवय होते.

गुरू निवडताना ‘आवाज छान आहे हं’ म्हणणारे टाळा. माझ्या त्या फसलेल्या टेपची बाराच्या बारा मिनिटं एक ज्येष्ठ सहकारी शेजारी बसून ऐकत होत्या. ओरडल्या नाहीत. शेवटी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “प्रश्न चांगले विचारलेस. आता उद्या त्यांना काय सांगून परत बसवणार आहेस?”