ऊसतोडीच्या अड्ड्यावर सेवाफेरी कशी काढावी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतली कुटुंबं मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. मार्च-एप्रिलपर्यंत कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, हेच त्यांचं घर. लेकरंही तिथेच राहतात. चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाला किंवा महिला मंडळाला या लेकरांची सेवा करायची असेल, तर एकच अड्डा, म्हणजे कोप्यांची एकच वस्ती, निवडा आणि एका हंगामात तिथे तीनदा जा: नोव्हेंबरअखेर, नाताळ ते संक्रांतीच्या दरम्यान आणि फेब्रुवारीअखेर. एकाच भेटीत कपडे-खाऊ वाटून परतलं की आजारी बाळाचं पुढे काय झालं, शाळेत नाव लागलं की नाही, हे कुणालाच कळत नाही.

पन्नासेक कोप्यांसाठी दहा-बारा माणसं पुरतात. त्यांत एक नर्स, एक प्राथमिक शिक्षक, स्वयंपाकाला एक जाणता हात आणि लहान बाळं सांभाळायची सवय असलेल्या दोघी-तिघी असाव्यात. जाण्याच्या पंधरा दिवस आधी दोघांनी अड्ड्यावर जाऊन मुकादम, जागेचा मालक, सरपंच आणि कारखान्याचं गट ऑफिस यांना भेटावं. अमुक चर्चकडून आलो आहोत, लेकरांसाठी काम करणार आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालू नका, जेवणाआधी प्रार्थनेला बसवू नका. उपाशी लेकरू ताटासाठी काहीही म्हणेल, म्हणून त्याला काही म्हणायला लावायचंच नाही. प्रार्थना रोज पहाटे आपल्या मुक्कामी करा.

वेळेचं गणित इथेच बहुतेकांचं चुकतं. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे चार-पाचलाच फडात जाते. गाडी भरायला रात्र होऊ शकते. दिवसा अड्ड्यावर असतात ती लेकरं आणि म्हातारी माणसं. आईशी बोलायला दुपारी बोलावलंत तर तिचा खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. मुलांचे कार्यक्रम सकाळी नऊ ते बारा घ्या. आयांशी बोलायचं तर त्या परतल्यावर, चुलीपाशी, भाकऱ्या थापता थापता दहा मिनिटं.

सकाळी वर्ग मांडलात की आठ-दहा वर्षांच्या मुली दूर उभ्या दिसतील. प्रत्येकीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. बाळ खाली ठेवायला जागा नसते, म्हणून ती येत नाही, आणि आपल्याला वाटतं की तिला गोडीच नाही. त्यासाठी आधी पाळणाघर उभं करा, मग वर्ग. सावलीला 12 बाय 18 फुटांची ताडपत्री अंथरा, झाडांना लुगड्याच्या चार झोळ्या बांधा, झाकणाचं पाण्याचं पिंप, साबण आणि फडकी ठेवा. सहा बाळांमागे दोघी हव्यात. पहिल्या दिवशी बाळ रडेल आणि ताई दर पाच मिनिटांनी वळून बघेल, म्हणून झोळ्या तिला वर्गातून दिसतील अशाच बांधा. आमच्या मते सगळ्या फेरीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

जेवणाला शालेय पोषण आहाराचं माप धरा: पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. पन्नास मुलांना पाच किलो तांदूळ, एक किलो मूगडाळ, अडीच किलो भाजी. बाळं आणि म्हातारी माणसं धरून दीड पट शिजवा. बिस्किटांचे पुडे वाटू नका. झुंबड उडते, धाकटी चेंगरतात आणि दुपारी आईनं ठेवलेली भाकरी तशीच राहते. वस्तू द्यायच्या तर कोपीनिहाय यादी करून, संध्याकाळी, आईच्या हातात. उपयोगाच्या वस्तू म्हणजे घोंगडी, मच्छरदाणी, सोलर दिवा, झाकणाचा हंडा आणि लांब दांड्याचं ओगराळं. पाण्यात हात बुडणं थांबलं तर जुलाबाची निम्मी वाट तिथेच बंद होते.

नर्सने सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या दंडाचा घेर टेपने मोजावा. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण. ते मूल त्याच दिवशी आईसह प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, गाडीभाडं मंडळीनं द्यावं. 11.5 ते 12.5 असेल तर अंगणवाडी सेविकेकडे नाव लावा. बाहेरगावच्या लेकरांनाही अंगणवाडीचा आहार आणि लसी मिळतात. सेविकेला मात्र अड्डा कुठे आहे हे दाखवावं लागतं, म्हणून तिला सोबत घेऊन कोपी-कोपी फिरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, हे बाटलीवर खूण करून दाखवा. पेल्यात सगळं पाकीट ओतलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. वेदनाशामक गोळ्या मुळीच वाटू नका. खाडा नको म्हणून बायका त्या रोज घेत राहतात.

शाळेसाठी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो. गावच्या शाळेनं स्थलांतर करणाऱ्या मुलाला दिलेलं शिक्षण हमी कार्ड असेल तर काम सोपं होतं. खरी अडचण रस्त्याची. अड्डा दोन-तीन किलोमीटर आत असतो आणि वाटेवर उसाचे ट्रॅक्टर. मार्चपर्यंत रिक्षाचं महिन्याचं भाडं ठरवून द्या. चर्चमधल्या कापणीच्या सणाचं दान यासाठी बाजूला काढून ठेवता येतं.

एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल कधीही आडोशाला नको. दोघे मोठे हवेतच. लेकरांच्या चेहऱ्याचे फोटो काढू नका. दान कुठे गेलं हे मंडळीला दाखवायला झोळ्यांचा, ताटांचा फोटो पुरतो. मारहाण किंवा बालविवाहाची चाहूल लागली तर मुकादमाशी वाद न घालता 1098 वर फोन करा. परदेशातले मराठी विश्वासी हातभार लावणार असतील तर आधी पासपोर्ट विचारा: परकीय नागरिकत्व घेतलेल्याचं दान एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

फेब्रुवारीच्या फेरीत नवीन काही सुरू करू नका. प्रत्येक मुलाचा एक कागद करा: कोणत्या लसी झाल्या, पुढची कधी, शाळेत किती दिवस हजेरी, दंडाचं शेवटचं माप. त्यावर शाळेचा शिक्का घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या सरकारी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत बसणाऱ्या मुलांची नावं वेगळी काढून आयांना समजावून सांगा, म्हणजे पुढच्या हंगामाला लेकरू गावाकडेच राहू शकेल. कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून आईच्या हातात द्या. हंगाम संपला की कोपी तासाभरात मोडते आणि सगळा संसार ट्रॉलीत चढतो. भांड्याकुंड्यांत टाकलेला कागद गावी पोचेपर्यंत भिजतो. तिच्या आधार कार्डाच्या पिशवीतच तो घालायला सांगा.