कुष्ठरोगाचा प्रकार ठरवताना: पाचवा चट्टा आणि सहावा चट्टा

वाळवा तालुक्यात ऊसतोड टोळीच्या खोपीवर तपासणीला गेले की कामगार बहुधा दंडावरचा एकच चट्टा दाखवतो, आणि तेवढाच पाहून परतणाऱ्याचे निदान तिथेच चुकते. रुग्णाला दिवसाच्या उजेडात, आडोशाला नेऊन पाठ, कंबर व नितंब यांसह सर्वांग पाहावे. स्त्री रुग्ण असल्यास आशाताई सोबत असावी.

कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. दुधासारखा पांढरा डाग कोडाचा असतो, तर कडेने वाढणारा, खाजरा गोल डाग बहुधा गजकर्णाचा. बधिरता तपासताना कापसाचे टोक आधी डोळे उघडे असताना चांगल्या कातडीवर टेकवून दाखवावे, मग डोळे मिटायला सांगून, जिथे स्पर्श जाणवेल तिथे बोट ठेवायला सांगावे. कापूस घासू नये. “कळतंय का?” असेही विचारू नये, कारण आपल्याकडचा माणूस भिडेखातर “व्हय” म्हणतो.

त्यानंतर नसा चाचपाव्यात: कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची आणि घोट्यामागची. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात आणि हात नसेवर असला तरी नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी. दुखले तर तिथे आधी दिसते. काहींना चट्टा मुळीच नसतो, केवळ नस जाड होऊन हात बधिर झालेला असतो.

एक ते पाच चट्टे आणि फार तर एक नस बाधित असल्यास पीबी, म्हणजे अल्पजंतू प्रकार, व सहा महिने उपचार. सहा किंवा अधिक चट्टे, एकाहून अधिक नसा अथवा त्वचेच्या नमुन्यात जंतू, यांपैकी काहीही आढळल्यास एमबी, म्हणजे बहुजंतू प्रकार, व बारा महिने. पाठीवरचा सहावा चट्टा सदऱ्याखाली राहिला, तर औषध निम्म्यावर थांबते.

रिडले व जॉपलिंग या कुष्ठरोगतज्ज्ञांनी 1966 मध्ये मांडलेले कुष्ठाचे पाच प्रकार शरीराच्या प्रतिकारशक्तीनुसार लावलेले आहेत. ट्यूबरक्युलॉइड, म्हणजे चांगल्या प्रतिकारशक्तीच्या, टोकाला चट्टे मोजके, ठसठशीत कडांचे व पुरते बधिर असतात आणि जंतू जवळजवळ नसतात. लेप्रोमेटस, म्हणजे क्षीण प्रतिकारशक्तीच्या, टोकाला मात्र जंतू अमाप असूनही चट्टे अस्पष्ट, असंख्य, आणि सुरुवातीला स्पर्श शाबूत असतो. कातडी तेलकट चकाकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरून विरळ होतात. अशा रुग्णाला कापूस कळला म्हणून घरी पाठवू नये. कानाच्या पाळीचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.