अभिजात साहित्यातून बहिष्कार शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

अस्मिता आणि सामाजिक बहिष्कार हा विषय अभिजात साहित्याच्या आधारे शिकवण्याची वेळ ज्यांच्यावर प्रथमच आली आहे, त्यांना पुस्तक कोणते निवडावे याचीच अधिक चिंता असते. ती चिंता सोडून द्या. मेरी शेलीची १८१८ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी, म्हणजे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या संशोधकाने घडवलेल्या आणि सगळ्यांनी झिडकारलेल्या जिवाची कथा, या कामाला उत्तम आहे; खरी अडचण ती वाचून झाल्यावर विचारलेल्या पहिल्या प्रश्नापासून सुरू होते.

‘त्या जिवाच्या जागी तुम्ही असता तर?’ हा तो प्रश्न. तो आजही माझ्या ओठांवर येतो, कारण त्याने वर्ग हळवा होतो आणि तास साधल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात विद्यार्थी दया दाखवून मोकळे होतात. कोणी, कोणत्या क्षणी आणि कशाच्या बळावर एखाद्याला बाहेर ठेवले, हे तपासायचे राहूनच जाते. शिवाय ज्याने वगळले जाणे स्वतः भोगले आहे, त्या विद्यार्थ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात आणि त्याची संमती नसताना तो वर्गापुढचे उदाहरण होतो. हे कदापि होऊ देऊ नका.

त्याऐवजी डी लेसी कुटुंबाच्या प्रकरणांवर रेंगाळा, अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल. व्हिक्टरने घडवलेला, शेवटपर्यंत निनावी राहिलेला तो जीव त्यांच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. साफी या परक्या तरुणीला घरात भाषा शिकवली जाते, तेव्हा तोही चोरून ऐकत तिच्याहून लवकर शिकतो. पुढे घरात अंध वृद्ध एकटा असताना तो आत जातो आणि वृद्ध त्याचे म्हणणे आपुलकीने ऐकतो. मात्र वृद्धाची मुले परततात, त्या जिवाला पाहतात आणि मुलगा फेलिक्स त्याला काठीने झोडपतो. विशेष म्हणजे हे कुटुंब स्वतःच निर्वासित आहे. धर्म आणि संपत्ती यांमुळे अन्यायाने दोषी ठरवलेल्या साफीच्या वडिलांना मदत केली म्हणून डी लेसी कुटुंबाला फ्रान्स सोडावा लागलेला असतो. त्यामुळे ‘माणसे परक्यांना नाकारतात’ किंवा ‘ज्याने सोसले तो समजून घेतो’ ही दोन्ही सोपी उत्तरे इथे टिकत नाहीत. साफीला जागा मिळाली आणि याला मिळाली नाही, ही रेषा कशाने आखली, एवढेच विचारा आणि प्रत्येक उत्तराला पानावरचा आधार मागा.

उतारे सुटे करून शिकवण्याला माझा ठाम विरोध आहे. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातील ज्यू सावकार शायलॉकचे प्रसिद्ध भाषण माणुसकीच्या दाव्यावर संपत नाही, ते सूडाच्या समर्थनापर्यंत जाते, आणि चौथ्या अंकात त्याच्यावर ख्रिस्ती धर्म लादला जातो. इंग्लंडने ज्यूंना १२९० मध्ये हद्दपार केले होते आणि हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हाही तो हुकूम मागे घेतलेला नव्हता, हे सांगितल्याशिवाय ते भाषण शिकवू नये.

‘साहित्य आपोआप संस्कार करते’ असे सांगणारे ज्येष्ठ तुम्हाला भेटतील. त्यांचा मान राखा, पण शेलीचा तो जीव मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य वाचतो आणि तरीही दाराबाहेरच राहतो, हे विसरू नका.

चर्चेत वर्ग गप्प बसला तर घाबरू नका. या विषयावर विचार करायला वेळ लागतो आणि लेखी उत्तरांत पुष्कळ काही उमटते. ती तपासताना मात्र करुणेला गुण देऊ नका, वाचनाला द्या.