होस्ट वीकची तयारी, नवीन लोकांनी नक्की वाचा

मंडळी, रविवारी संध्याकाळपासून मेथडिस्ट चर्चचा फॅमिली प्रॉमिसचा होस्ट वीक (म्हणजे बेघर कुटुंबांना ठेवून घ्यायची पाळी) सुरू होतोय आणि त्यातल्या दोन संध्याकाळी आपल्या मंदिराच्या ग्रुपकडे आहेत. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, फॅमिली प्रॉमिस ही संस्था आपल्या न्यू जर्सीतच सुरू झालीय, समिटच्या कॅरन ओल्सन यांनी 1986 मध्ये. बेघर कुटुंबांना एकेक चर्च किंवा सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आळीपाळीने आठवडाभर आपल्या इमारतीत ठेवून घेतं, दिवसा ते लोक डे सेंटरला, कामावर, मुलं शाळेत. आई, वडील, मुलं सगळे एकत्र राहतात हे मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं, कारण कित्येक शेल्टरमध्ये बापाला नाहीतर वयात आलेल्या मुलाला वेगळं पाठवतात. आपल्याकडे झोपायच्या खोल्या नाहीत म्हणून आपण सपोर्टला, म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतीत जाऊन मदत करायला.

ज्यांना रात्री थांबायचंय त्यांनी बॅकग्राउंड चेकचा फॉर्म आजच भरा, तो आल्याशिवाय थांबता येत नाही. चर्चमधल्या संडे स्कूलच्या (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या) वर्गांच्याच बेडरूम होतात, तेव्हा चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, नाइट लॅम्प आणि दारावर लावायला कुटुंबाचं नाव (फक्त पहिलं नाव, आडनाव नको) एवढं आधी तयार पाहिजे. डायपर घ्यायच्या आधी साइज विचारा.

आता जेवण, इथेच आपली गाडी अडते. पाहुणे म्हटलं की आपल्याला पाच पदार्थ केल्याशिवाय चैन पडत नाही, पण दिवसभर शाळेत आणि व्हॅनमध्ये दमलेल्या सहा वर्षांच्या पोराला पनीर माखनी नको असते हो, त्याला पास्ता पाहिजे! म्हणून बेक्ड झिटी, चीज केसाडिया, मक्याची कणसं, कापलेली फळं, दूध. ज्यांना हौस आहे त्यांनी एक ट्रे पुलाव करा, तिखट वेगळं ठेवा. आणि कूट कशातच नको, कोशिंबिरीतसुद्धा नको, काजूची ग्रेव्हीही नको, कुणाला नट अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही. प्रत्येक ट्रेवर काय काय घातलंय ते इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये लिहून चिकटवा. मुस्लिम कुटुंब असलं तर आपलं शाकाहारी चालून जातं असं धरून चालू नका, विकतच्या जेलोत, मार्शमॅलोत जिलेटीन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून, बऱ्याचदा डुकराच्या, करतात. आणि सिनेगॉगची पाळी असेल तेव्हा त्यांच्या कोशर किचनमध्ये (ज्यूंचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या स्वयंपाकघरात) घरची भांडी, घरचं अन्न न्यायच्या आधी त्यांना विचारायचंच.

सकाळी व्हॅन लवकर येते, तेव्हा सीरिअल, ब्रेड, अंडी आणि डब्याचं सामान रात्रीच मांडून ठेवा, डबा ज्याचा तो भरतो.

त्यांच्यासोबत टेबलावर बसून जेवा, नुसतं वाढून कोपऱ्यात गप्पा मारत उभं राहू नका. घर कसं गेलं हे विचारायचं नाही. आरतीचं आमंत्रण, प्रसादाचा आग्रह, देवाच्या गोष्टी काही नको, चर्चवालेही तिथे प्रार्थनेला बोलवत नाहीत. फोटो तर अजिबात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, न्यूजलेटरला नाही. आपल्या मुलांना न्या, होमवर्कला आणि खेळायला त्यांचाच जास्त उपयोग होतो.

पुढच्या रविवारी सकाळी चादरी धुवायला घरी न्यायच्यात आणि घडीचे पलंग ट्रकमध्ये चढवायचेत, ते पुढच्या चर्चला जातात. चांगले जड असतात, तेव्हा कंबर धड असलेल्या चार जणांनी नावं द्या, काका लोकांनी उगाच पुढे येऊ नका.