मुलांचं दप्तर: घेताना काय बघावं, पाठीवर कसं घ्यावं

शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या सुमारास म्हापशाच्या बाजारात दप्तरांचे ढीग लागतात आणि मुलांचा हात थेट कार्टूनवाल्या दप्तराकडे जातो. जाऊ दे. रंग मुलानं निवडावा, माप मोठ्यांनी.

१. आधी मुलाचं वजन करा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावं. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो अशी मर्यादा आहे. मूल २५ किलोचं असेल तर सगळं मिळून अडीच किलो. त्यात रिकामं दप्तरच किलोभराचं असलं तर पुस्तकांना काय उरलं? म्हणून दुकानात पहिल्यांदा रिकामं दप्तर हातात तोलून बघा. चाकांचं दप्तर घेऊ नका. जिन्यावर ते उचलावंच लागतं, आणि पावसात चाकांना चिखल लागला की ओढवतही नाही.

२. दुकानात मुलाला न्या, सोबत घरची चार पुस्तकंही न्या. रिकामं दप्तर कुणालाही छान बसतं, भरून बघा. वरची कड खांद्याच्या वर जाऊ नये, तळ कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त उतरू नये, रुंदी पाठीएवढीच. गणवेश वाढत्या अंगाचा घ्या हवा तर, दप्तर नको. पट्टे दोनेक इंच रुंद आणि आतून मऊ हवेत. छातीवर लावायचा पट्टा असला तर उत्तम.

३. भरताना सगळ्यात जड पुस्तक पाठीला लागून ठेवा, डबा आणि कंपास बाहेरच्या बाजूला. बाटलीकडे कुणाचं लक्ष नसतं, पण लिटरभर पाणी म्हणजे एक किलो! शाळेत पाण्याची सोय असेल तर छोटी बाटली द्या, तिथेच भरून घेऊ दे. रोज वेळापत्रक बघून दप्तर लावायचं आणि रविवारी पूर्ण उपडं करायचं. तळाशी चुरगळलेल्या प्रश्नपत्रिका, काजूच्या बिया, हरवलेलं म्हणून नवं घेतलेलं खोडरबर असं बरंच निघतं.

पावसाळ्यात वजन आणखी वाढतं. कापडी दप्तर पाणी पितं, आपल्या दमट हवेत ते रात्रभरात सुकतही नाही. घरी आल्यावर रिकामं करून पंख्याखाली उलटं टांगा. ओला रेनकोट आत कोंबू नये, त्याला वेगळी प्लास्टिकची पिशवी द्या.

४. पाठीवर घेताना दप्तर जमिनीवरून हिसका देऊन उचलायचं नाही. ते सोप्यावर किंवा खुर्चीवर ठेवा, मुलानं त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात पट्ट्यांत घालावेत. मग पट्ट्यांची खाली लोंबणारी टोकं सारखी ओढा, दप्तर पाठीला टेकेपर्यंत. बहुतेक मुलांचे पट्टे दुकानातून आले तेवढेच सैल असतात आणि दप्तर कुल्ल्यांवर आपटत राहतं. एका खांद्यावर लटकवणं आठवीनंतरची फॅशन आहे. भांडण होईल, तरी टोकत राहा. बालरथात (शाळेची बस) किंवा कदंबात (गोव्याची सरकारी बस) बसताना दप्तर काढून मांडीवर घ्यायचं. पाठीवर ठेवून बसलं तर मूल पुढे ढकललं जातं.

५. मूल चालताना बाजूनं बघा. पुढे वाकलं असेल तर दप्तर जड आहे किंवा सैल. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्टे अरुंद आहेत किंवा वजन जास्त. हाताला मुंग्या येत असतील किंवा पाठ दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

सगळा दोष दप्तरावरही टाकू नये. पाठदुखी नेमकी त्याच्यामुळेच होते का, यावर संशोधकांचं एकमत नाही. मान घालून तासन्‌तास मोबाईल बघणं आणि मैदानावर न जाणं हेही बघायला हवं.

एवढं करूनही वजन मर्यादेबाहेर जात असेल तर पालकसभेत वेळापत्रकाचा विषय काढा. शाळेनं वजनकाटा ठेवावा असं केंद्राच्या त्याच दप्तर धोरणात म्हटलंय.