माहिती समाजाचे जागतिक दस्तऐवज मराठीतून कसे वाचावेत

संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक शिखर परिषद दोन टप्प्यांत झाली, पहिला डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हात आणि दुसरा नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसमध्ये. इंटरनेटचा कारभार कोणी पाहावा आणि गरीब देशांत त्याचा प्रसार कोणाच्या पैशाने व्हावा, हे वाद आजही तिथल्या मजकुराचा आधार घेऊनच लढवले जातात. तो मराठीत मांडू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने किंवा पत्रकाराने प्रथम जिनिव्हाचे दोन जाहीरनामे शेजारी ठेवावेत: एक सरकारांनी संमत केलेला आणि दुसरा त्याच आठवड्यात नागरी संघटनांनी स्वतंत्रपणे काढलेला.

सरकारी जाहीरनामा एकाच 'माहिती समाजा'विषयी बोलतो, तर नागरी संघटनांनी शीर्षकातच अनेकवचन योजले, कारण सर्व देशांनी एकाच नमुन्याच्या समाजाकडे वाटचाल करावी हे त्यांना मान्य नव्हते. मराठीत नेमकी हीच खोच निसटते, कारण 'समाज'चे अनेकवचनही 'समाज'च होते. म्हणून तिथे 'विविध माहिती समाज' असे स्पष्ट लिहावे.

त्याहून अधिक गोंधळ 'बहुपक्षीय' या शब्दाने होतो. राजनैतिक भाषेत बहुपक्षीय म्हणजे अनेक सरकारांमधील. सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संघटना एकत्र बसतात ती पद्धत वेगळी, आणि तिला 'बहुहितसंबंधी' म्हणणे कानाला खटकले तरी अचूक आहे. जिनिव्हा जाहीरनाम्याच्या ४८व्या परिच्छेदात इंटरनेटचे व्यवस्थापन बहुपक्षीय, पारदर्शक आणि लोकशाही असावे असे म्हणून लगेच खासगी क्षेत्र व नागरी संघटनांच्या पूर्ण सहभागाचीही ग्वाही दिली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढण्याची सोय एकाच वाक्यात करून ठेवली आहे. अशी वाक्ये अनुवादात गुळगुळीत करू नयेत.

ट्युनिस कार्यक्रमपत्रिकेच्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात सरकारांनी संमत केलेल्या दस्तऐवजाच्या, ३४व्या परिच्छेदात इंटरनेटच्या कारभाराची व्याख्या आहे; तिच्यातील 'आपापल्या भूमिकांत' हे शब्द वाचताना लगेच ३५वा परिच्छेद उघडावा. त्यात सार्वजनिक धोरण ठरवण्याचा अधिकार राष्ट्रांचा सार्वभौम हक्क मानला आहे, खासगी क्षेत्राकडे तांत्रिक व आर्थिक विकासातील भूमिका दिली आहे आणि नागरी संघटनांचे महत्त्व विशेषतः स्थानिक समुदायांच्या पातळीवरचे म्हणून सांगितले आहे. या वाटणीवर नागरी संघटनांचा आक्षेप का राहिला, हे निराळे सांगायला नको.

पैशाचा विषय आला की क्रियापद आणि विशेषण तपासावे. सेनेगलचे तत्कालीन अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी डिजिटल एकता निधीचा, म्हणजे गरीब देशांत इंटरनेट व डिजिटल साधने पोहोचवण्यासाठीच्या निधीचा, आग्रह धरला. ट्युनिसच्या मजकुराने त्या निधीचे 'स्वागत' केले, पण तो 'ऐच्छिक' असल्याचेही नोंदवले. देणाऱ्यावर बंधन नाही, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

शेवटी, कोणत्याही देशाची भूमिका उद्धृत करताना तिच्याशेजारी वर्ष लिहावे. भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेट धोरणासाठी पन्नास राष्ट्रांच्या समितीचा प्रस्ताव मांडला होता आणि २०१५ मध्ये बहुहितसंबंधी पद्धतीला जाहीर पाठिंबा दिला; त्यामुळे 'भारताचे म्हणणे' असे नुसते लिहिले, तर वाचकाला यांपैकी कोणते ते कळणार नाही.