ओल्या घाटात सायकल उतरवताना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावरून सायकलने खाली निघालो आणि सर आली, की बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण ब्रेक आवळून तसेच वळणात शिरतात, तर काही जण ‘होईल ते होईल’ म्हणत सायकल मोकळी सोडतात. पहिल्या चुकीपायी मी खुलताबादच्या अलीकडे कोपर आणि गुडघा सोलून घेतलाय. त्यानंतर मोठ्या शर्यतींतले लोक ओला उतार कसा उतरतात हे बघायला लागलो, तेव्हा कळलं की त्यांचं खरं काम वळणाच्या आधीच उरकलेलं असतं. वळणात ते जवळजवळ काहीच करत नाहीत.

आणि ओल्या उतारावरचा फरक काही किरकोळ नसतो. २०११ च्या टूर द फ्रान्स या अनेक दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत गॅप गावाकडे जाणारा ओला उतार अँडी श्लेक बिचकत उतरला आणि त्या एका दिवसात कॅडल इव्हान्सपेक्षा १ मिनिट ९ सेकंदांनी मागे पडला. शेवटी पॅरिसला शर्यत संपली तेव्हा इव्हान्सने त्याला हरवलं ते १ मिनिट ३४ सेकंदांनी.

निघण्याआधी

टायरमधली हवा थोडी कमी करा. २८ मिमीच्या टायरला एरवी ८० पीएसआय भरत असाल, तर पावसात ७० ते ७५ ठेवा. टायर जरा पसरतो आणि रस्ता नीट धरतो. अरुंद सायकल टायर कारसारखा पाण्यावर तरंगत नाही, तेव्हा जाड नक्षीच्या टायरवर पैसे घालायची गरज नाही.

माथ्यावर कणीस खाताना टपरीवाल्याकडून जुनं वर्तमानपत्र मागून घ्या आणि जर्सीच्या आत छातीवर सरकवा. युरोपातले रायडर घाटमाथ्यावर हेच करत आलेत. गंमत वाटेल, पण अंग गारठलं की बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेक किती दाबला तेच कळत नाही.

रस्ता वाचा

उन्हाळाभर साचलेली धूळ आणि गळलेलं तेल पहिल्या पावसात वर येतं. म्हणून पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. धो धो पडून गेल्यावर रस्ता उलट बरा होतो. इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर तिथे डिझेल सांडलंय असं समजा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली झाली की साबणच.

आपल्याकडची खास भर म्हणजे काळी माती. वावरातून ट्रॅक्टर निघाला की डांबरावर चिखलाचे दोन पट्टे पडतात, आणि त्यावर पाणी पडलं की ग्रीस झालं. असा पट्टा आडवा आलाच, तर त्याच्या आधी वेग कमी करा आणि त्यावरून सायकल सरळ उभी ठेवून जा. पट्ट्यावर ब्रेक नको, वळणं नको, पॅडल मारणंही नको. मी पडलो तो अशाच पट्ट्यावर, ब्रेक दाबलेला असताना.

ब्रेक: लवकर दाबा, लवकर सोडा

टायरची पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी. ब्रेकने अर्धी खाल्ली, तर वळणाला अर्धीच उरते. पावसात भाकरीच लहान झालेली असते. म्हणून वेग सरळ रस्त्यावरच कमी करायचा, आणि सायकल झुकायच्या आत ब्रेक सोडायचा.

रिम ब्रेक (चाकाच्या कड्याला रबराने धरणारा) असेल तर पहिल्या दाबात फक्त रिमवरचं पाणी पुसलं जातं, सायकल थांबत नाही. तेव्हा वळण दिसताच ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्या, मग हळूहळू दाब वाढवा. डिस्क ब्रेकमध्ये (चाकाच्या मधल्या चकतीला धरणाऱ्या) ही उशिराची भानगड फार कमी असते. पण टायर तोच आणि रस्ताही तोच. दोन्ही ब्रेक वापरा, झटका देऊ नका. सरळ रस्त्यावर मागचं चाक अडकलं तर ब्रेक थोडा सैल करून सावरता येतं. पुढचं अडकलं की बहुधा जमीनच.

वळणात वेग ४० ऐवजी ३० ठेवलात, तर टायरवरचा आडवा ताण जवळजवळ अर्ध्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाचा फरक एवढा मोठा असतो.

वळणात

हात हँडलच्या खालच्या बाकावर, कोपरं सैल. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि शरीराचा भार त्यावर; उजवं वळण असेल तर डावा पाय खाली. सायकल कमी झुकवा, खांदे आतल्या बाजूला जास्त न्या. नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर सायकल खड्ड्यातच नेते.

टीव्हीवर रायडर अख्खा रस्ता वापरताना दिसतात, कारण तो त्यांच्यासाठी बंद केलेला असतो. दौलताबादच्या घाटात समोरून एसटी येते. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी निघालेले लोक असतात. तेव्हा आपली डावी बाजू हाच आपला रस्ता. उजव्या वळणात एक फसगत होते: चाकं आपल्या बाजूला असतात, पण झुकलेलं डोकं मधल्या पट्ट्यापलीकडे गेलेलं असतं. डाव्या वळणात अगदी कडेला चिकटू नका, खडी तिथेच साचते.

पुढच्याच्या चाकालाही चिकटू नका. १९७१ च्या टूरमध्ये आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घातलेल्या लुईस ओकान्याकडे एडी मर्क्सवर सात मिनिटांहून जास्त आघाडी होती. कोल द मांतेच्या उतारावर गारांचं वादळ आलं. एका वळणावर मर्क्स घसरला, पाठोपाठ ओकान्याही. ओकान्या उठत होता तोवर मागून येणारे त्याच्यावर आदळले, आणि त्याची टूर तिथेच संपली. ओल्या उतारावर दोन सायकलींत एखादी बैलगाडी मावेल एवढं अंतर ठेवा.

सीट सोडून पुढच्या दांडीवर बसून उतरायची शर्यतपटू ख्रिस फ्रूमची २०१६ ची ऐट कुणी करून दाखवली, तर सांगा की यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने २०२१ पासून शर्यतीतच ती बंद केली आहे.

सराव

रिमझिम पावसात, पहाटे, ओळखीचं एकच वळण घ्या. वळणाआधीचा एखादा दगड हेरा आणि तिथे पोचताच मोठ्याने ‘सोड!’ म्हणून ब्रेक सोडा. कुणी हसलं तर हसू दे. आधी इतक्या हळू जा की कंटाळा येईल. दहा-बारा फेऱ्यांनंतर बोटं आपोआप सुटायला लागतात.

खाली पोचल्यावर चहाच्या आधी बाटलीतलं पाणी रिमवर आणि ब्रेकच्या रबरांवर ओता. काळं पाणी निघेल. रबरात रुतलेले खडे नखाने काढा, नाहीतर पुढच्या उतारावर ते रिम खरवडत बसतात.